तिळाचं तेल

भानुदासांनी आयुष्यभर कोल्हापुरात चपला बांधल्या. अक्षरं मात्र बासष्टाव्या वर्षी आली, तीही जपानात, तोक्योजवळच्या इचिकावाच्या फ्लॅटमध्ये, सून विद्याकडून. विद्या तोक्योच्या एका विद्यापीठात युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करायची. जानेवारीत तिच्या प्रोफेसरांनी स्वतःच्या संग्रहातलं एक पान तिला आठवडाभरासाठी दिलं. सातशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मठातल्या साधूने वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या पोथीचं ते शेवटचं पान.

"खाली काय लिहिलंय माहितीये, बाबा? हात चुकला असेल तर मला क्षमा करा. असं लिहायचे ते."

भानुदासांनी बोटाच्या पेराने कड चाचपली. "ही केसाची बाजू. आणि कातडं मानेजवळचं. हितं जाड लागतंय बघ."

"आमचे सर भिंग लावून तासभर बघतात," विद्या हसली. "तुम्हालाच शिकवायला न्यायला हवं."

ते बोलणं त्यांच्या डोक्यात चढलं.

दुसऱ्या दिवशी घरात ते एकटेच होते. हीटरच्या कोरड्या हवेने पानाची कड वर वळली होती. कोरडं कातडं तेल मागतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. फडक्यावर तिळाचं तेल घेऊन त्यांनी हलका हात फिरवला. बघता बघता पान पतंगाच्या कागदासारखं आरपार दिसू लागलं, पहिल्या मोठ्या अक्षराचा निळा रंग फडक्यावर उतरला. चपलेचं कातडं कमावलेलं असतं. हे नुसतं चुन्यात भिजवून ताणून वाळवलेलं होतं. हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. पान जागेवर ठेवून त्यांनी फडकं धुऊन टाकलं.

संध्याकाळी विद्या पानासमोर बसूनच राहिली. "माझंच चुकलं. ओट्याजवळ ठेवलं. फोडणीचं तेल उडालं असणार."

"असेल," भानुदास म्हणाले.

त्या रात्री ते अर्ध्या ताटावरून उठले. विद्या दोन दिवस माफीचं पत्र लिहीत होती, फाडत होती. तिचा नवरा जयप्रकाश म्हणाला, "दुसरं पान घेऊन देऊ."

"दुसरं नसतं रे," ती म्हणाली.

शनिवारी ती मिठाईचा खोका घेऊन सरांकडे माफी मागायला निघाली. दाराशी बूट घालत असताना भानुदास मागे येऊन उभे राहिले.

"विद्या, तेल मी लावलं. मुद्दाम. बरं व्हावं म्हणून."

बूट तिच्या हातातच राहिला. "दोन दिवस मी तुमच्यासमोर रडत होते, बाबा."

"व्हय. बघत होतो."

तिने पर्समधलं पत्र काढून फाडलं, आणि कोरा कागद नि पेन त्यांच्यापुढे धरलं. भानुदास पायरीवर बसले. बराच वेळ लागला. 'तेल मी लावलं. तिनं नाही. भानुदास.' ओळ उतरत गेली होती.

"सरांसमोर तुम्हीच वाचायचं," ती म्हणाली. "मी फक्त जपानीत सांगेन. कोट घाला."

स्टेशनवर ती त्यांच्यापासून चार पावलं लांब उभी राहिली. भानुदास कागद धरून ओठांतल्या ओठांत तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.