गैरहजरांची शून्यं

पडद्यावर दोन आकडे उमटले आणि शिक्षकांच्या खोलीत टाळ्या पडल्या. गणितात मुलींची सरासरी बासष्ट, मुलांची सत्तावन्न. गणिताच्या बाई खुर्चीत सैल बसल्या. शाळा सुटल्यावर मुलींचा जादा वर्ग घेतात म्हणून वर्षभर काय काय ऐकून घेतलं होतं त्यांनी! मुली मुलांच्या पुढे गेल्या तर वर्ग चालू, नाहीतर ती खोली व्यायामाच्या सरांना, ही मुख्याध्यापकांची अट. बाईंनी ती फुशारकीने मान्य केली होती. फुशारकी माणसाला नडल्याशिवाय राहते थोडीच!

तक्ता भरला होता बाईंच्या दिरांनी. शाळेच्या कचेरीत ते कारकून. आता ते माऊसने तक्ता खाली सरकवत होते, आणि मुलांच्या रकान्याच्या तळाशी बाईंना शून्यांची रांग दिसली. ती व्हॉलीबॉलच्या संघातली पोरं! परीक्षेच्या दिवशी सामन्याला गेलेली. पेपरच न दिलेल्यांची शून्यं सरासरीत धरलेली.

बाई दिरांकडे झुकल्या. "भावजी, ही शून्यं?"

"गैरहजर म्हणजे शून्य. निकालपत्रात नेहमी तसंच भरतो आपण." मग त्यांच्याही लक्षात आलं, आणि आवाज खाली गेला. "वहिनी, राहू द्या ना. कुणाला कळतंय?"

"मग ठरलं," मुख्याध्यापक फाईल मिटत म्हणाले. "वर्ग चालू."

मूग गिळून बसलं की झालं. मुली बाहेर वाट बघत होत्या. पण सरासरी म्हणजे काय हे त्यांना शिकवायचं कुठल्या तोंडाने?

"सर, थांबा," बाई उठल्या. "तक्ता चुकलाय."

स्वतःच्या हातांनी त्यांनी एकेक शून्य पुसलं. प्रत्येक शून्यामागे मुलांची सरासरी वर चढत होती. शेवटी ती त्रेसष्टवर थांबली.

"एका गुणाने का होईना, मुली मागे," मुख्याध्यापक अवघडून म्हणाले. "अट तुम्हालाही मान्य होती, बाई."

व्यायामाच्या सरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. "उद्या देते," एवढंच बाई म्हणाल्या. दिरांनी मान वर केली नाही.

वर्गात बाईंनी मुलींना सगळं सांगून टाकलं, शून्यांसकट. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि दुखत होतं ते या पोरींना.

मागच्या बाकावरची एक उभी राहिली. गेल्या वर्षी हिच्या पेपरात एकही गणित धड नव्हतं.

"बाई, गेल्या वर्षी आपण पंधरा गुणांनी मागे होतो ना?"

पुढे की मागे, या एका प्रश्नात बाई इतक्या अडकल्या होत्या की हे सुचलंच नव्हतं.

"पण बाई, त्या तक्त्यातलीही शून्यं आधी काढायला हवीत," पोरगी म्हणाली. "नाहीतर ती लबाडी होईल."

बाई तडक कचेरीत गेल्या. मुख्याध्यापक निघण्याच्या तयारीत होते, तरी थांबले. "जुना तक्ता उघडा," बाई दिरांना म्हणाल्या. तो पंधराचा फरकही शून्यांचाच निघाला तर?

दिरांनी तक्ता उघडला. बाईंनी माऊसकडे हात नेला, तो त्यांनी अडवला.

"बसा वहिनी," ते म्हणाले. "या वेळी शून्यं मी पुसतो."

मुलींच्या रकान्यात शून्यं तीनच निघाली, मुलांच्यात एकही नाही. फरक चौदावर आला आणि तिथेच राहिला. मुख्याध्यापकांनी चौदाकडे पाहिलं, यंदाच्या एका गुणाकडे पाहिलं, आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"किल्ली तुमच्याकडेच राहू दे, बाई."