पूजेला काढलेले फ्यूज

मुकुंद परतूरला गाडीतून उतरला तेव्हा उन्हं कलली होती आणि स्टेशनाच्या पलीकडून जिनिंगच्या इंजनाचा पुक् पुक् आवाज येत होता. म्हणजे दसऱ्याचा मुहूर्त त्याच्याविना झाला होता. खांद्यावर जालन्याहून आणलेला डायनामोचा नवा पट्टा होता. पट्टा सावरत तो झपाझप निघाला.

लढाई संपल्यानंतरचा तो पहिला दसरा. काकासाहेबांच्या जिनिंगात त्याच उन्हाळ्यात वीज आली होती. वीज म्हणजे काही लांबून खांबांवरून आलेली नव्हे. इंजनाच्या पट्ट्यावर एक डायनामो फिरे आणि त्यातून दोन लायनी निघत. एक विहिरीवरच्या पंपाला, दुसरी रेचेघरातल्या आणि कापसाच्या गोदामातल्या दिव्यांना. कापसात कंदील न्यायचा म्हणजे आगीला बोलावणं, म्हणून काकासाहेब विजेच्या खर्चाला तयार झाले होते. सगळं काम मुकुंदनं स्वतःच्या हातानं केलं होतं.

फ्यूज कुठे लावायचा यावर त्यानं पुष्कळ विचार केला होता. रेचा कापसातून सरकी वेगळी काढतो तेव्हा रुईची बारीक कुसं हवेत तरंगत राहतात आणि फटीफटींत जाऊन बसतात. फ्यूज उडताना ठिणगी पडते. म्हणून फ्यूजची पेटी त्यानं रेचेघरात लावलीच नाही. इंजनघराच्या बाहेरच्या भिंतीला, लोखंडी झाकणाच्या पेटीत, हात सहज पोचेल अशा उंचीवर लावली. आत चिनीमातीच्या दोन बैठका भिंतीला पक्क्या आणि त्यांत बसणाऱ्या चिनीमातीच्याच दोन पकडी. पकड हातानं ओढली की निघते. तिच्या पोटात फ्यूजची तार असते. दिव्यांना थोडी वीज लागते म्हणून त्यांच्या पकडीत बारीक तार, पंपाला सुरू होताना जास्त लागते म्हणून त्याच्या पकडीत जाड. लायनीत कुठे बिघाड झाला आणि विजेचा लोंढा आला, तर ही तार आधी वितळते आणि लायन तुटते. बारीक तारेच्या जागी जाड घातली तर ती वितळत नाही. मग तापते ती भिंतीवरची तार, आणि ती कापसातून गेलेली असते.

एकच गोष्ट त्याच्या मनासारखी झाली नव्हती. पंपाची बैठक मोठ्या मापाची आणि दिव्यांची लहान मापाची हवी, म्हणजे एकाची पकड दुसऱ्यात बसणारच नाही, असं त्यानं काकासाहेबांना सांगितलं होतं. पण लढाईमुळे जालन्याच्या दुकानात एकाच मापाचा माल शिल्लक होता. "एकसारख्या आहेत त्याच घ्या. दिसायलाही बराबर दिसतात," काकासाहेब म्हणाले होते. मुकुंदनं मग खालच्या घरातल्या, पंपाच्या पकडीवर तांबड्या रंगाचा टिपका दिला आणि सगळ्यांना दाखवून ठेवला. तरी त्याचं मन तिथे अडकलेलंच होतं.

इंजनघराच्या दारात रामकिसन तेलानं माखलेले हात पुसत उभा होता. गेली कितीतरी वर्षं इंजन त्याच्याच हाती होतं.

"या मिस्त्री! मुहूर्त साधला बरं का. तुमची वाट पाहून काकासाहेब लई चिडले व्हते."

"दिवे लावलेत?"

"मंग! आत अंधारून आलंय. बाया काय चाचपडत रेचे भरतील?"

मुकुंदनं पट्टा खाली टाकला. फ्यूजच्या पेटीवर झेंडूची माळ होती. त्यानं झाकण उघडलं. दोन्ही पकडी हळदीनं पिवळ्या झाल्या होत्या आणि दोन्हींवर मधोमध कुंकवाचा ठसठशीत तांबडा टिपका होता.

"रामकिसनभाऊ, हे बाहेर काढलं होतं?"

"काल खंडेनवमी न्हाई का? पाने, हातोडे, तेलाची कुपी, समदं पाटावर मांडलं. हे बी मांडलं. इंजनाचं सामान पूजेला अन् विजेचं तसंच भिंतीत? बरं दिसंल का?"

"आणि परत लावताना?"

"टिपक्याचा खालच्या घरात, तुम्हीच सांगून गेल्ते." रामकिसन वाकून पाहू लागला आणि थांबला. "टिपका तर दोन्हीवर हाय."

"आज पंप चालला?"

"न्हाई ना. सकाळी चालू केला तर पेटीत फट् झालं अन् बसला. म्हटलं, मिस्त्री आले की बघतील."

"म्हणजे टाकी रिकामी?"

"प्यायपुरतं शेंदून आणलंय."

पंपाचा खटका बंद होता. मुकुंदनं पंपाची पकड ओढून काढली. आत बारीक तार होती, मधोमध वितळून तुटलेली. म्हणजे जाड तार दिव्यांच्या लायनीत होती. तिथे आता राखणदारच नव्हता, आणि आग लागली तर विझवायला पाणीही नव्हतं.

खिशातल्या रिळावरून त्यानं नवी बारीक तार तोडली आणि त्या पकडीत बसवली. आता दिव्यांची पकड काढून तिच्या जागी ही घालायची, एवढंच. त्याचा हात पुढे गेला आणि तसाच थांबला. दिवे गेले की रेचेघरात अंधार होणार. रेच्यांच्या फिरत्या रुळांपाशी बायकांचे हात होते.

तो आत धावला. काकासाहेब नवा फेटा बांधून दाबाच्या यंत्रापाशी उभे होते. पहिल्या गाठीची रुई भरली जात होती.

"काकासाहेब, इंजन थांबवायला सांगा. थोडाच वेळ."

"काय झालं?"

"फ्यूज उलटे बसलेत. दिव्यांच्या लायनीत जाड तार आहे."

"दिवे लागलेत की."

"लागलेत हेच वाईट आहे. काही झालं तर ते जाणार नाहीत."

काकासाहेबांनी वर पाहिलं. दिवा एकदा मिचकला, थांबला, पुन्हा मिचकला. "तुमचा पट्टा जुना झालाय म्हणून हे असं. मुकुंदराव, मुहूर्ताची पहिली गाठ बांधून होईपर्यंत इंजन थांबत नसतं. वडिलांच्या वेळेपासून थांबलेलं नाही. गाठ होऊ द्या, मग काय करायचं ते करा."

मुकुंद गोदामाकडे गेला. आत पहिल्या वेचणीचा कापूस आढ्यापर्यंत चढला होता. एका खालच्या तुळईला साडीचा झोका बांधला होता आणि त्यात सगुणाबाईची तान्ही सोनू निजली होती. झोका आपोआप हलत होता. त्याला बांधलेली दोरी खिडकीतून पलीकडे रेचेघरात गेली होती. दिवा मिचकत होता. रबर जळाल्यासारखा वास येत होता की आपल्यालाच तसं वाटतंय, हे त्याला कळेना. तो दारापर्यंत गेला आणि परत आला. वास होताच. पण कुठून, ते त्या उजेडात दिसत नव्हतं.

सगुणाबाई खिडकीजवळच्या पहिल्या रेच्यावर होती. दोन्ही हातांनी कापूस भरत होती आणि दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून झोका ओढत होती. रेच्यावरच्या बायकांची ती मुकादमीण.

"सगुणाबाई, पोरीला बाहेर घ्या."

"आत्ता कुठं निजलीय ती. काय झालं?"

"आगीची भीती आहे."

"सणाच्या दिवशी असं वंगाळ बोलू नका, भाऊ." तरी तिचा चेहरा उतरला. "खरंच?"

"मला दिवे घालवून फ्यूज बदलायचाय. अंधारात तुमची बोटं जातील म्हणून थांबलोय. काकासाहेब इंजन थांबवत नाहीत. पण तुमचे हात थांबतील का?"

तिनं एकदा काकासाहेबांच्या फेट्याकडे पाहिलं. "इंजन त्यांचं हाय. हात आमचे हायेत." आणि ती इंजनाच्या वर आवाज चढवून ओरडली, "बायांनो, हात वर! मिस्त्री अंधार करून राह्यलेत. म्या सांगंपर्यंत जिनं हात खाली केला, तिच्या बांगड्या रेच्यात!"

"सणाला अंधार?" मागून कोणीतरी म्हणालं. "बायको रुसली काय मिस्त्रीची?"

"जालन्याला जाऊन आले, काही आणलं नसंल तिला!"

हसण्याचा गलका उठला, पण सगळे हात वर गेले. काकासाहेब काहीतरी म्हणत पुढे आले, तोवर मुकुंद बाहेर पळाला होता.

त्यानं आधी मुख्य खटका पाडला. आत अंधार झाला. पकड ओढली; बोटांना ती ऊन लागली. आत जाड तार. ती पकड बाजूला ठेवली, बारीक तारेची बसवली, नीट दाबून पाहिली, झाकण लावलं आणि मग खटका वर केला. दिवे लागले. या वेळी ते मिचकत नव्हते.

तो श्वास सोडणार तोच आतून सोनूच्या रडण्याचा आवाज आला आणि लगेच पेटीत फट् झालं. पुन्हा अंधार.

"हात वरच ठेवा गं!" सगुणाबाई ओरडली.

मुकुंद धावत आत गेला. "आत्ता कोणी काय केलं?"

"काहीच न्हाई केलं, भाऊ. पोरगी रडली म्हणून दोरी ओढली तेवढी."

त्यानं खिडकीतून गोदामात गेलेल्या दोरीकडे पाहिलं. मग इंजनघरातून बॅटरी आणून ती पेटवत तो गोदामात शिरला. सगुणाबाई अंगठ्याची दोरी तोडून त्याच्या मागे आली. त्यानं उजेड तुळईवर टाकला. झोक्याचा दोर दिव्यांच्या दोन तारांवरूनच बांधलेला होता. झोका हलला की दोर तारांवर घासे. घासून घासून वरचं वेष्टण गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं आणि प्रत्येक झोक्याला दोन्ही तारा एकमेकींना चाटत होत्या. तेवढ्या जागी दोर काळा पडला होता. त्याला चिकटलेली रुई तपकिरी झाली होती.

सगुणाबाईनं पोरीला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. बराच वेळ ती वरच पाहत होती.

"म्याच बांधला व्हता," ती म्हणाली. "दाराशी बांधला तर वारं लागंल म्हणून."

"तारा इतक्या खालून मी नेल्या. झोका बांधता येईल अशा जागी त्या असायलाच नको होत्या."

मागे काकासाहेब येऊन उभे होते. त्यांनी हात उंचावून तपकिरी रुईचा पुंजका चिमटीत धरला. तो बोटांत भुगा होऊन खाली कापसावर पडू लागला, तशी त्यांनी दुसरा हात पटकन खाली धरला. मग वळून ते मोठ्यानं म्हणाले, "रामकिसन, इंजन बंद कर."

"पर गाठ अर्धीच हाय, मालक!"

"असू दे अर्धी. बंद कर म्हणतो ना!"

पट्टा फडफडला आणि थांबला. त्या शांततेत सोनूचं रडणं एवढंच ऐकू येत होतं. काळोखात बायकांचे हात अजून वरच होते.

दिवाळीपूर्वी मुकुंद पुन्हा जालन्याला गेला आणि दुकान दुकान पालथं घालून पंपासाठी मोठ्या मापाची बैठक आणि पकड घेऊन आला. गोदामातल्या तारा त्यानं तुळईवरून काढून भिंतीच्या वरच्या कडेनं लाकडी पट्टीच्या आत नेल्या. झोका रेचेघराच्या दाराबाहेरच्या लिंबाला गेला. दोरी अपुरी पडली, ती मुकुंदनंच जोडून दिली.

"मंग मिस्त्री, पुढच्या नवमीला काढायचे का न्हाई हे?" रामकिसननं विचारलं.

"काढायच्या आधी मुख्य खटका पाडा. मग खुशाल काढा, पूजा करा, हवं तितकं कुंकू लावा."

"अन् चुकून उलटे लावले तर?"

"लावून दाखवा."

रामकिसननं खटका पाडून पंपाची पकड दिव्यांच्या बैठकीत घालून पाहिली. तिरकी केली, उलटी केली, दाबली. ती बसेना. तो हसला आणि त्यानं ती परत पंपाच्या बैठकीत बसवली.

संध्याकाळी दिवे लागले. लिंबाखाली सोनू कुरकुरली तशी रेच्यापाशी बसलेल्या सगुणाबाईनं पायानं दोरी ओढली, आणि तिनं आणि मुकुंदनं एकदमच वर पाहिलं. दिवा स्थिर होता. तिनं पुन्हा ओढली. मुकुंदनं पुन्हा पाहिलं.