देव नसलेला उपास

अविधवा नवमीला सवाष्ण मिळणं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एके काळी मुळीच अवघड नव्हतं. अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षातल्या नवमीला एका सवाष्णीला बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, ओटी भरायची. मराठी घरं जवळजवळ असल्यानं एकेकीला दोन-दोन आमंत्रणं यायची, आणि कुणाकडे नुसती खीर चाखायची, कुणाकडे ताट संपवायचं, हे बायका आदल्या दिवशीच ठरवून ठेवत. शामलाबाईंनी सासूच्या नावानं ही नवमी सगळा संसारभर केली. आता शामलाबाईंचंच वर्षश्राद्ध झालं होतं आणि नवमी त्यांच्याच नावानं करायची होती. त्यांची मुलगी अश्लेषा दौलतगंजातल्या घरात फोन हातात घेऊन बसली होती.

पहिला फोन तिनं चुलतभावाच्या बायकोला, हेमांगीला केला. हेमांगीनं लगेच हो म्हटलं, मग जेवण किती वाजता ते विचारलं. दुपारी बारा म्हटल्यावर तिचा आवाज जरा उतरला. तिची खाण्याची वेळ दोनला सुरू होत असे. तोवर पाणी आणि बिनसाखरेची कॉफी. शिवाय भात, पोळी, बटाटा, साखर सगळं बंद. ओटी घ्यायला मात्र ती नक्की येणार होती, आणि पानातलं काही डब्यात दिलं तर घरच्यांसाठी घेऊनही जाणार होती. अश्लेषाला तिच्यावर रागावता येईना. तिचं स्वतःचंही हेच तर चाललं होतं.

ते सुरू झालं तेव्हा ती हैदराबादला होती, शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीत संपादक. एकटी राहायची, टेबलावरच्या प्रुफांशेजारी ताट ठेवून जेवायची, आणि वजन वाढत चाललं होतं. तिकडे ग्वाल्हेरात शामलाबाईंची साखर वाढली. डॉक्टरांनी भात-पोळी कमी करायला आणि दोन खाण्यांमध्ये अंतर ठेवायला सांगितलं. तेव्हा अश्लेषानं फोनवर आईला सगळं समजावून दिलं: सोळा तास पोटाला विश्रांती, आठ तासांत काय ते खाऊन घ्यायचं, त्यातही पिष्टमय पदार्थ जवळजवळ नाहीत. शामलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे उपासच की गं. नुसता देव काढून टाकलाय."

पण त्या तयार झाल्या. रोज दुपारी बारा वाजता आई फोन करी. इकडे अश्लेषा पनीर नाहीतर उकडलेली अंडी घेऊन बसे, तिकडे ताटाचा आवाज येई, आणि आई म्हणे, "चला, सोडा उपास." मग जेवता जेवता गप्पा. टोपी बाजारात कुणाचं दुकान बंद झालं, भजनी मंडळात पेटी कोण बेसूर वाजवतं, बाबांनी भाजीवाल्याशी हिंदीत कसा वाद घातला. अश्लेषानं आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं, पण त्या अर्ध्या तासासारखं काही वाचलं नव्हतं. तिचं वजन उतरलं. आईची साखरही आटोक्यात आली.

मग गेल्या वर्षी थंडी सरता सरता शामलाबाईंना न्यूमोनिया झाला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत.

अश्लेषा ग्वाल्हेरला आली ती राहिलीच. काम घरून करता येत होतं, आणि वडिलांना, भालचंद्ररावांना, एकटं ठेवणं बरं दिसलं नसतं. नात्यातले लोक म्हणाले, मुलीनं बापासाठी किती केलं. तीही तसंच समजत होती. उपास मात्र तिनं सोडला नाही. फोनमध्ये बाराचा गजर लावलेला होता, त्याला 'आई' असं नाव दिलेलं होतं. गजर झाला की ती खोलीचं दार लोटून घेई आणि एकटी जेवे. कुणी म्हणालं, किती बारीक झालीस, तर ती म्हणे, डाएट आहे. ते खोटं नव्हतं. पण आईबरोबर तिनं केलेलं असं शेवटचं तेवढंच उरलं होतं आणि ते मोडलं की आई दुसऱ्यांदा जाईल, असं तिला वाटे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सवाष्णीचा प्रश्न भालचंद्ररावांनीच सोडवला. ते ऑडिटमधून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "सुमनताईंना सांग. शामलेचं पान दुसरं कोण जेवणार?"

सुमनताई आईच्या भजनी मंडळातल्या मैत्रीण. तीस वर्षांचं येणं-जाणं. त्यांचे यजमान दिनकरराव ठणठणीत होते, तेव्हा सवाष्ण म्हणून अडचण नव्हती. अडचण गुडघ्यांची होती. वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्यांची सून शिखा त्यांच्या ताटावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होती. आमंत्रण करायला गेलेल्या अश्लेषाला तिनं जिन्यापाशीच गाठलं.

"दीदी, मम्मींना नेऊन आणायचं काम माझं. पण चावल नको हं, आणि मीठा तो बिलकुल नहीं. त्या नाही म्हणणार नाहीत, म्हणून तुम्हालाच बोलतेय. तीन महिन्यांची मेहनत आहे."

परतताना ई-रिक्षात अश्लेषा विचार करत होती. सवाष्ण उपाशी उठली तर नवमीला अर्थ नाही. आई म्हणायची, त्या दिवशी सवाष्णीच्या तोंडानं गेलेली बाई जेवते. मग सवाष्णीला चालेल असाच स्वयंपाक केला तर? तिला एकदम हलकं वाटलं. रोजचं तिचं हेच तर होतं. आईही शेवटी हेच जेवत होती. बाड्याच्या चौकात उतरून तिनं बदामाचं पीठ घेतलं, टोपी बाजारातून खोबरं आणि चारोळी घेतली. दुकानदारानं विचारलं, क्या शादी है घर में. ती म्हणाली, श्राद्ध है, आणि दुकानदारानं हिशेबात न धरता मूठभर चारोळी जास्त घातली.

नवमीच्या सकाळी ती लवकर उठून स्वयंपाकाला लागली. फुलकोबी किसून वाफवून भात केला. खीर नारळाच्या दुधाची, गोडाशिवाय, नुसत्या वेलदोड्यावर. पोळ्या बदामाच्या पिठाच्या. त्या लाटताना फुटत होत्या, म्हणून तिनं त्या हातानं थापल्या. आमसुलाची चटणी आणि उडदाचे वडे तेवढे ओळखू येण्यासारखे झाले. वड्यांवर शिखानं आक्षेप घेतला असता, पण एवढं चालवून घेऊ, असं अश्लेषानं ठरवलं.

भालचंद्रराव सोवळं नेसून आत आले आणि झाकणं उचलून एकेक पातेलं बघू लागले. भाताच्या पातेल्यापाशी थांबले. चिमटीत थोडा घेतला, बोटांवर चोळून पाहिला.

"हे काय आहे?"

तिनं सांगितलं. सुमनमावशींचे गुडघे, शिखाची अट, आणि आई सुद्धा असंच खात होती, हेही सांगितलं. त्यांनी झाकण जागेवर ठेवलं.

"पितरांना डायबेटीस नसतो, अश्लेषा," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

तिला हसू आलं नाही. आता दुसरं काही करायला वेळही नव्हता. तिनं पान मांडलं, रांगोळी काढली, आईचा फोटो पानासमोर पाटावर ठेवला.

सुमनताई काठी टेकत, शिखाच्या हाताला धरून वर आल्या. शिखाला बँकेत जायचं होतं. जाताना तिनं अश्लेषाकडे बघून बोट हलवलं. सुमनताई पाटावर बसू शकत नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची आणि तिपाई मांडली, पान त्यावर ठेवलं. अश्लेषानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं. भालचंद्ररावांनी संकल्प सोडला. शामलेचं नाव घेताना त्यांचा आवाज बारीक झाला आणि परत जागेवर आला.

तेवढ्यात अश्लेषाच्या पदराखालचा फोन वाजू लागला. तो बंद करायला तिनं बाहेर काढला आणि सुमनताईंनी पडद्यावरचं नाव वाचलं.

"शामलेचा फोन?" त्या गोंधळून म्हणाल्या.

मग सांगावंच लागलं. उभ्या उभ्या, वाढायची पळी हातात धरून, अश्लेषानं थोडक्यात सांगितलं: बाराचा उपास, दोघींचा एकदम सोडायचा नेम, आई गेल्यावरही तिनं चालू ठेवलेला. आजवर कुणालाच न सांगितलेलं असल्यानं ते तिला स्वतःलाच परक्यासारखं ऐकू आलं.

सुमनताई लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बारापर्यंत उपाशी? शामला?" त्या म्हणाल्या. "अगं बेटा, ती भजनाला यायची तीच धिरडं खाऊन. आठलाच तिचं खाणं व्हायचं. पदराला बेसनाचा वास यायचा म्हणून आम्ही चिडवत नव्हतो का! मग साडेअकरा झाले की झांजा खाली ठेवून उठायची. म्हणायची, लेकीबरोबर जेवायचंय, ती तिकडे एकटी जेवते."

अश्लेषानं वडिलांकडे पाहिलं. ते फोटोसमोरची उदबत्ती उगाच सरळ करत होते.

"डॉक्टरांनी गोळी बदलली होती," ते म्हणाले. "सकाळी खाल्ल्याशिवाय घ्यायची नाही अशी. तिचा उपास पहिल्या महिन्यातच सुटला. मी म्हटलं, सांग पोरीला. तर म्हणाली, सांगितलं की ती माझ्यासाठी सगळं बदलत बसेल, राहू दे. सकाळी माझ्याबरोबर खायची, दुपारी तुझ्याबरोबर. दोन्हीकडे थोडं थोडं."

खाली रस्त्यावर टेम्पोवाला बाड्याला जाणाऱ्या सवाऱ्यांना हाका मारत होता.

अश्लेषाला वाटलं होतं, हातातून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं होईल. तसं झालं नाही. तिच्या मनात राहिलं ते वडिलांचं एकच वाक्य, सकाळी माझ्याबरोबर. दीड वर्षं ती या घरात होती. सकाळी आपल्या खोलीतून तिला कपबशीचा आवाज येई, टोस्टचा डबा उघडल्याचा आवाज येई, आणि आपली वेळ नाही म्हणून ती बाहेर जात नसे. रात्री बातम्या संपल्यावर ते जेवायला बसत तेव्हाही तिची वेळ टळून गेलेली असे. आईनं वेळा मोडून दोघांना सांभाळलं होतं. तिनं वेळा सांभाळल्या होत्या.

"मावशी," ती म्हणाली, "थोडं थांबाल? मी भात लावते."

सुमनताईंनी पानावरच्या फुलकोबीकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"लाव. आणि साखर घाल त्या खिरीत. शिखाला मी बघून घेईन. गुडघा माझा आहे, पण शामला पण माझीच होती."

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिघं तशीच बसली. भालचंद्रराव सोवळ्यात, सुमनताई काठीवर हनुवटी टेकून, अश्लेषा उंबऱ्यात. दीड वर्षांत या घरात तांदूळ शिजला नव्हता असं नाही, वडिलांसाठी ती वाटीभर लावत असे. पण त्याचा वास घरभर पसरेपर्यंत ती तिथे कधी थांबली नव्हती. भात वाढला, त्यावर वरण आणि तूप. सुमनताई सावकाश, एकही शीत न सांडता जेवल्या, खीर दोनदा मागून घेतली. बदामाची पोळी त्यांनी एक घास खाऊन बाजूला ठेवली. ओटी घेताना त्यांनी अश्लेषाचा हात क्षणभर धरून ठेवला. बारीक झालाय, एवढंच म्हणाल्या.

हेमांगी दोन वाजून गेल्यावर आली. तिनं आनंदानं फुलकोबीचा भात खाल्ला आणि कृती लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भालचंद्रराव स्वयंपाकघरात आले तेव्हा गॅसवर तवा होता. बेसन कालवलेलं होतं. अश्लेषानं पहिलं धिरडं घातलं, ते तव्याला चिकटून फाटलं. दुसरं त्याहून बरं झालं. ते टेबलाशी बसले, टोस्टचा डबा त्यांनी जवळ ओढला होता तो हळूच परत सरकवला. तिनं दोन ताटल्या मांडल्या.

त्यांनी एक घास खाल्ला, थांबले.

"ओवा घालायची ती," ते म्हणाले. "आणि हिरवी मिरची. पण मिरची तू सोसशील का माहीत नाही."

"सोसेन," ती म्हणाली.

ओव्याची बरणी कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. ते उठले, वरच्या फळीवरून बरणी काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवली, आणि गार होत चाललेल्या ताटलीपाशी पुन्हा येऊन बसले.

दुपारी गजर वाजला. ती काम करत होती. तिनं तो बंद केला नाही, पुरता वाजू दिला, आणि मग दार उघडून बाबांना जेवायला हाक मारली.