पंगतीतली आवस

१/५०

"थांबवा, थांबवा आप्पा! गेलं की ते!"

सरस्वतीबाईनं टीव्हीच्या काचेवर तळवा टेकला. सिद्धारामनं पॉज दाबला. पडद्यावर पटका होता, खाली दोन हात होते आणि मधे, चेहऱ्याच्या जागी, पिठूळ पट्टा.

"इथं बी न्हाई."

तिचा नवरा गहिनीनाथ ऊसतोडीला गेला आणि ट्रॅक्टरखाली सापडून तिकडेच संपला. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. भिंतीला लावायला फोटो नाही. त्यानं जन्मात काढलाच नव्हता. होती ती शहाण्णव सालातल्या लेकीच्या, मनिषाच्या लग्नाची कॅसेट. पाटोद्याच्या सिद्धारामनंच शूट केलेली.

"कावून पुसलंय असं?"

"पळत व्हते ना मामा. पळणारा मानूस पुसतो, मावशी."

सेकंदाचा पन्नासावा भाग. कॅमेऱ्याची पापणी तेवढीच उघडते. पण मुलीचा बाप तेवढ्यात वऱ्हाडाच्या पाण्याकडं निघालेला असतो. लग्नभर गहिनीनाथ एका जागी उभा राहिला नव्हता.

१/१०००

या वेगात उधळलेला घोडाही जागच्या जागी थिजतो. मात्र उजेड भरपूर लागतो. वरातीत, उन्हात, सिद्धारामनं हा वेग लावला आणि मांडवात पंगत बसली तेव्हा बदलायचा विसरला. पंगत सगळी काळीकुट्ट आली, अमावास्येच्या रातीसारखी. लग्नानंतर कॅसेट बघायला अख्खी वस्ती जमली होती. गहिनीनाथच ओरडला होता, "आप्पा, दिवसाढवळ्या आमच्या पंगतीत आवस पाडली की वो!"

सगळे हसले. सिद्धारामही. पण त्यानंतर कुठलीही पंगत असो, त्याचा अंगठा आधी वेगाच्या बटणावर जायचा.

आता तो अंगठा कॅसेट पुढं पळवत होता.

"मावशी, आवस बघू. त्या वेगात मामा पुसायचे न्हाईत."

काळोख. त्यानं टीव्हीचा ब्राइटनेस होता तेवढा वाढवला. पत्रावळ्या उजळल्या. मग पटका. गहिनीनाथ हात जोडून रांगेतून फिरत होता, "सावकाश होऊ द्या, सावकाश." फिरता फिरता थेट कॅमेऱ्यापुढं आला.

"आप्पा, तुमी बी बसा. सकाळधरनं उपाशी हाव."

"सरका मामा, मदी येताव!" हा सिद्धारामचाच आवाज.

पॉज.

दाढीचे खुंट. कपाळावरचा घाम. डोळे.

सरस्वतीबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

१/१५

टीव्हीचा फोटो घेताना घाई चालत नाही. वेग वाढवला की अर्धं चित्र काळं येतं. आणि व्हीसीआर म्हातारा, पॉज फार वेळ धरत नाही. सिद्धारामनं फोटोचा कॅमेरा पंधराव्या भागावर आणला, कोपरं स्टुलावर रोवली.

"हलू नका मावशी."

श्वास धरला. खट्. अजून एकदा. खट्.

"आले मामा."

वळून बघितलं, तर ती पडद्यासमोर हात जोडून उभी.

"आप्पा, त्या दिशी तुमी जेवलात का?"

"व्हय तर. मामानीच ताट आणून दिलं शेवटी."

"आन् ते?"

सिद्धारामनं आठवून बघितलं. आठवेना.

तेवढ्यात पॉज आपोआप सुटला. गहिनीनाथ बाजूला सरकला, पाठ फिरवली आणि हात जोडूनच काळोखातल्या पंगतीकडं निघाला.

"सावकाश होऊ द्या," तो कुणाला तरी म्हणत होता.