करूळ घाटात बंद केलेली फटफटी

मित्रांनो, हल्ली माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालते, तरी मला भंगार म्हणू नका. मी कोल्हापूरची एक जुनी फटफटी आहे.

ब्याण्णव साली शिवाजी पेठेतल्या कृष्णातनं मला घरी आणलं. हुपरीहून विकायला चांदीच्या पैंजणांची पिशवी घेऊन आम्ही निघालो, की खड्ड्याखड्ड्याला अशी छुमछुम व्हायची, की वाटेवरच्या म्हशी माना डोलवायच्या. जोतिबाचा डोंगर तर मी असा चढायचे, की माझी सावली मागं राहायची; वर पोचल्यावर तिची वाट बघावी लागायची! दर दसऱ्याला मला झेंडूची माळ घालून कृष्णात म्हणायचा, "ही गाडी न्हाय, घरातलं माणूस हाय. एकदा हिला समुद्र दावणार."

बऱ्याच वर्षांनी तो दिवस उगवला. मागं त्याची बायको रूपाली बसली. गगनबावड्याला धुक्यात चहा झाला. करूळ घाटाचा उतार लागताच कृष्णातनं मला न्यूट्रल केलं, बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. पेट्रोल वाचवायची त्याची ही जुनी खोड.

"अवं, गिअर तरी टाका!" रूपाली ओरडली.

"गप गं. उताराला पाणी काय इंजनावर पळतंय?"

वळणावळणाला ब्रेक दाबून दाबून माझे ब्रेक तापले आणि लागेनातच. समोर दरी! मग मी आपणहून हँडल फिरवलं, खोटं वाटत असेल तर घाटाला विचारा, आणि खडीच्या ढिगात तोंड खुपसलं. माझा दिवा फुटला, चाक वाकलं. त्यांची नुसती कोपरं खरचटली.

एक ट्रकवाला धावत आला. "काय झालं, पावणं?"

"गाडीनं दगा दिला की!" कृष्णात म्हणाला.

"आन् किल्ली कुणाच्या खिशात हाय?" रूपाली म्हणाली.

कृष्णातनं मला ट्रकात घालून घाटाखाली आणलं आणि चहाच्या टपरीमागं ठेवलं. "दसऱ्याला न्यायला येतो," म्हणाला.

आणि मित्रांनो, तो दसऱ्याला आला की! नव्या कोऱ्या गाडीवर, तिच्या हँडलला ताजी माळ. समुद्राकडं निघाला होता. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. रूपाली मात्र वळणापर्यंत मान वळवून बघत होती.

पण माझे कान अजून शाबूत आहेत. घाट उतरताना त्या गाडीचं इंजन चालू होतं, गिअरमध्ये घुमत होतं. म्हणजे दगा कुणी दिला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा मित्रांनो, गाडीला वेळेवर तेलपाणी करा, उताराला गिअर काढू नका, आणि तिनं जीव वाचवला तर निदान तिला नावं ठेवू नका. माझ्या गळ्यात माळ पडायची, तिथं आपली चूक अडकवून कृष्णात समुद्र बघायला गेला.