फोटोत माणूस नको

इर्मट्राउड क्योटगनबाईंचा धाकच तसा होता. बँकेचा काचेचा मनोरा असो की नवं नाट्यगृह, इमारत उभी राहिली की आर्किटेक्ट आधी विचारायचा, "क्योटगनबाई येऊन गेल्या का?" वर्तमानपत्रातल्या त्यांच्या लेखांनी भल्याभल्यांची झोप उडवली होती. इमारतींच्या इतिहासावरही त्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली होती, आणि त्यातल्या एकाही फोटोत माणूस नव्हता. औषधालासुद्धा नाही! माणूस आला की छपराची रेषा बिघडते, हे बाईंचं ठाम मत. फोटो काढण्याआधी त्या कोंबड्या हाकलाव्यात तशी माणसं हाकलायच्या.

तर अशा या बाईंचा जीव जडला होता तो जर्मनीतल्या हेर्ने गावात, त्यांच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एका टपरीवर. कोळशाच्या खाणी धडधडत होत्या त्या काळातली ही टपरी. पिवळ्या फरशांच्या भिंती, वर पुढे झुकलेलं गोलसर काँक्रीटचं छप्पर आणि खिडकीत टपरीवाली फ्रीडेल विश्नेव्स्की. पेपर, बिअर, सिगारेटी, सकाळचे पाव, बरण्यांतल्या गोळ्या, सगळं तिच्याकडे मिळायचं. आता जागेच्या मालकाला टपरी पाडून तिथं गाड्या उभ्या करायला जागा करायची होती. वारसा खात्याने संरक्षण दिलं तरच ती वाचणार होती. बाईंनी अर्ज ठोकला, सोबत आपले फोटो जोडले आणि निर्धास्त झाल्या. त्यांच्या शब्दाला नाही म्हणायची कुणाची टाप होती?

सोमवारी दुपारी खात्याचे टापेसाहेब दारात हजर. कोट नीटनेटका, चेहरा पडलेला.

"बाई, छप्पर सुंदर आहे, वादच नाही. पण कायदा विचारतो, लोकांना याचं काय? मी आत्ताच बघून आलो. खिडकी बंद, चिटपाखरू नाही. तुमच्या फोटोंतही तेच. ओस पडलेली टपरी कुणासाठी राखायची?"

"अहो, आज सोमवार! सोमवारी फ्रीडेल बंद ठेवते!"

"असेल. पण मला लोक दिसायला हवेत. शुक्रवारी निर्णय द्यायचाय, त्याआधी काय ते दाखवा."

मंगळवारी सकाळी बाई खाली मान घालून टपरीवर गेल्या. फ्रीडेलने ऐकलं आणि हातातला पाव खाली ठेवला.

"म्हणजे पाडणार?"

"फोटोत माणसं नाहीत, म्हणतो."

"कशी असतील गं? तूच हाकललीस ना! कुनोला म्हणालीस, तुमचं पोट मधे येतंय. त्याच्या कुत्र्यालासुद्धा सोडलं नाहीस. आणि मला काय म्हणालीस? 'फ्रीडेल, जरा खाली वाक.' अख्खा जन्म गेला माझा या खिडकीत, आणि तुझ्या फोटोत खिडकीत काय, तर अंधार!"

बाईंना आयुष्यात एवढं कुणी सुनावलं नव्हतं. त्यांना खरोखर लाज वाटली. आपण हिच्या टपरीवर जीव टाकतो म्हणता म्हणता हिलाच पुसून टाकलं, हे त्यांना आत कुठेतरी लागलं.

मग काय, गल्लीभर निरोप गेला आणि दुपारी सगळे फोटोला आले. म्हातारा खाणकामगार कुनो माल्चेरेक लग्नातला कोट घालून आला होता. त्याची बटणं जीव मुठीत धरून बसलेली. बाकीचे ओळीत उभे, ताठ, श्वास रोखून.

"हसा जरा!" बाई ओरडल्या.

"दात दाखवायचे की नुसते ओठ?" कुनोने विचारलं.

"राहू दे बाई," फ्रीडेल म्हणाली. "टपरी मेली आणि हे पोचवायला आलेत असं वाटतंय."

बुधवारी बाई पुन्हा गेल्या, नुसत्याच, हताश होऊन. फ्रीडेल म्हणाली, "आलीस ते बरं झालं. मला पाय मोकळे करायचेत. तू बस आत."

इतकी वर्षं बाहेरून पाहिलेल्या टपरीत बाई पहिल्यांदा आत बसल्या. रात्रपाळी करून आलेल्या नर्सने पेपर मागितला. एका शाळकरी मुलीने एकेक गोळी बोटाने दाखवली, ही नको, ती, ती पण नको. मग कुनो आला, फळीवर कोपरं टेकली आणि गुडघ्याची कहाणी सुरू केली. तेवढ्यात पावसाची सर आली. पण कुनो जागचा हलला नाही, त्याच्या मागची दोघंही नाहीत. तिघंही कोरडे ठणठणीत!

बाईंनी वर पाहिलं. या छपराच्या वळणावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती, त्याचं मूळ पार इटलीपर्यंत नेऊन भिडवलं होतं. आणि छप्पर पुढे झुकलं होतं ते कशासाठी, तर गुडघेदुखी सांगून संपेपर्यंत माणूस भिजू नये म्हणून. बाई एकट्याच खो खो हसत सुटल्या.

"माझा गुडघा दुखतोय आणि तुम्हाला हसू येतंय?" कुनो फुरंगटला.

"नाही हो, बोला, बोला! थांबू नका!" म्हणत बाईंनी कॅमेरा काढला. त्या दिवशी खिडकीशी आलेला प्रत्येक चेहरा त्यांनी टिपला. विचारलं की सगळे म्हणायचे, काढा की, त्यात काय! संध्याकाळी फोटो टापेसाहेबांकडे रवाना झाले.

शुक्रवारी साहेब स्वतःच आले आणि सरळ खिडकीकडे निघाले.

"ओ, रांग आहे इथं," कुनो म्हणाला.

"मी कामासाठी आलोय."

"मग आम्ही काय पोहायला आलोय?"

साहेब मुकाट्याने मागे उभे राहिले. खिडकीपाशी पोचेपर्यंत कुनोची गुडघेदुखी त्यांचीही ऐकून झाली होती. आत फ्रीडेल आणि क्योटगनबाई, दोघी श्वास रोखून उभ्या.

"टपरी राहणार," साहेब म्हणाले.

फ्रीडेलला एकदम रडू फुटलं. रडता रडताच तिने गोळ्यांची पुडी भरून त्यांच्यापुढे सरकवली.

"ही लाच तर नाही ना?" साहेबांनी तिला विचारलं.

"मग पैसे द्या की!"

रांगेत हशा पिकला. साहेबांनी पैसे दिले, एक गोळी तोंडात टाकली आणि म्हणाले, "फक्त समोरून एक फोटो लागेल. हे सगळे आतून काढलेत. यात टपरीवाली कुठे आहे?"

"घ्या!" फ्रीडेल कडाडली. "अख्खी गल्ली आली, कुत्रा आला, आणि मी पुन्हा नाहीच!"

बाई कॅमेरा घेऊन बाहेर धावल्या. फ्रीडेलने केस चापून बसवले, डोळे पुसले आणि खिडकीतून पुढे वाकली. छप्पर पूर्ण यावं म्हणून बाई सवयीने मागे मागे सरल्या. पण फ्रीडेलचा चेहरा केवढासा झाला. मग त्या पुढे आल्या, आणखी पुढे, पार फळीपर्यंत.

"छप्पर येतंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही येत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.