कपाळाचं नाक होताना

मी एवांथियाच्या कपाळाची कातडी बोलतेय. आता तुम्ही विचाराल, कपाळाची आहेस तर कपाळावर राहावं, इथे नाकावर काय करतेस? तेच सांगायला बसलेय. फक्त मधेमधे थांबवू नका. उद्या सकाळी मला पुन्हा सुरीखाली जायचंय आणि जीव नुसता टांगणीला लागलाय.

माझा जन्म एवांथियाबरोबरच झाला, ग्रीसमधल्या लेस्वोस बेटावर, कलोनीच्या आखाताकाठी. मी वरच्या मजल्यावरची, आणि खरं सांगते, मला त्याचा तोरा होता. तिला काळजी लागली की आठ्या माझ्यावर पडायच्या, देवळात मूर्तीपुढे वाकली की आधी मी टेकायची. आणि नाक? ते खालच्या मजल्यावरचं, हिवाळाभर वाहणारं, जिथे तिथे पुढे पुढे करणारं. त्याच्याशी माझं बोलणंसुद्धा नव्हतं.

तिचं लग्न पांदेलिसशी झालं. पांदेलिस मासेमारी करायचा, आणि आमच्याकडे कोळ्याची बायको किनाऱ्यावर बसून वाट बघत नाही, होडीत चढते. तो वल्ही मारायचा, ही जाळं ओढायची. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, अगदी भुवयांपर्यंत. त्यामुळे मी जन्मभर सावलीत, गोरीपान, मऊ. ऊन सगळं खाल्लं ते नाकानं. वरून सूर्य, खालून पाण्यावरची झळाळी. दोन्हीकडून भाजून निघायचं बिचारं. तेव्हा मी त्याला बिचारं म्हणत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

मग एकदा नाकाच्या डाव्या पाळीवर एक चमकदार पुटकुळी आली. तोंड पुसलं की रक्त, मग खपली, मग पुन्हा रक्त. पांदेलिस म्हणाला, "अगं, दाखव कुणाला तरी."

"काय दाखवायचंय? मासे तळताना तेल उडालंय."

"तेल उडून वर्ष झालं की!"

"मग उडालं असेल पुन्हा," असं म्हणून तिनं त्याला उडवून लावलं. देवापुढच्या दिव्यातलं तेल बोटावर घेऊन ती रोज रात्री त्या जागी लावायची. आमच्या गावात पोटदुखीपासून पायाच्या फोडापर्यंत सगळ्याला तेच तेल. ती पुटकुळी मात्र आत आत खात चालली होती, आणि मी वर बसून बघत होते.

पुढे पांदेलिसच गेला. जाळं ओढता ओढता होडीत बसला तो उठलाच नाही. घरात मयत झाल्यावर बाईच्या नाकाकडे कोण बघतंय? काळे कपडे आले, काळा रुमाल आला. शेवटी लेकीनं बघितलं. मिर्सिनी बेटावरच्या मोठ्या शहरात, मितिलिनीच्या शाळेत शिकवते. सुट्टीला आली, आईचं तोंड दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेलं आणि रडायलाच लागली. पुढच्याच बोटीनं तिनं आईला अथेन्सला नेलं.

कॅन्सर निघाला. "असा कॅन्सर सहसा जीव घेत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण वाटेत येईल ते खात जातो." त्यांनी कापलं, कडा तपासल्या, आणखी कापलं. शेवटी कडा स्वच्छ मिळाल्या तेव्हा डावीकडचं निम्मं नाक शिल्लक नव्हतं. आणि मग माझी पाळी आली.

आई गं! आजही आठवलं की शहारा येतो. मला वरून आणि दोन्ही बाजूंनी कापून उचललं, गर्रकन फिरवलं आणि खाली आणून त्या भगदाडावर शिवून टाकलं. पूर्ण तोडलं मात्र नाही. भुवईपाशी एक चिंचोळी पट्टी ठेवली, कपाळापासून नाकापर्यंत लोंबणारी. त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर मी जगायचं. नाकाशी माझी मुळं जुळली की काही आठवड्यांनी ती पट्टी कापणार, आणि मग मी नाकाची. तोवर मी ना घरची ना घाटाची. शिवाय माझं वरचं टोक केसांच्या कडेचं, त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर चार केस! एवांथियानं आरशात बघितलं आणि पहिल्यांदाच हसली. "मिशी चुकून वर उगवली," म्हणाली. मग आरसा पालथा घातला.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "या पट्टीवर कसलाही दाब नको. चष्मा नको, काही घट्ट बांधायचं नाही. पट्टी दबली की रक्त अडलं, आणि रक्त अडलं की हे नाक गेलं. पुन्हा कपाळावरून काढायला एवढी चांगली जागा नाही." एवांथियानं सगळ्याला मान डोलावली. चष्मा तिनं लगेच पिशवीत टाकला. पण काळा रुमाल म्हणजे 'काही बांधणं' असं तिच्या मनातही आलं नाही. आमच्याकडच्या विधवेला रुमाल म्हणजे अंगावरची कातडीच. तो कधी बांधला नि कधी सोडला, तिला कळतसुद्धा नाही.

गावी पोचलो तो पांदेलिसचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. आमच्याकडे त्या दिवशी गहू उकडून, साखर, बदाम आणि डाळिंबाचे दाणे घालून कोलिवा करतात. देवळात त्यावर मेणबत्ती लावून प्रार्थना होते, आणि मग विधवा दाराशी उभी राहते. सगळं गाव एकेक करून पुढे येतं, तिचा हात हातात घेऊन म्हणतं, देव त्याला क्षमा करो, तुला आयुष्य देवो. ते हात घेतल्याशिवाय वर्ष संपत नाही.

एवांथिया गहू निवडत बसली होती तेवढ्यात तिची नणंद आली. गारुफालिया. पांदेलिसची धाकटी बहीण, मनानं वाईट नाही पण जिभेला हाड नाही. दारातच थबकली.

"अगंबाई! वहिनी, ही काय सोंड लावलीय तुला?"

"नाक आहे ते, वन्सं. तयार होतंय."

"होऊ दे की तयार, पण घरात. अशी उभी राहणार तू देवळात? लोक माझ्या भावासाठी रडायचे सोडून तुझं तोंड बघत बसतील. मिर्सिनी उभी राहील दाराशी. तू पड जरा."

"नवरा माझा होता," एवांथिया म्हणाली.

"भाऊ माझा होता. त्याचा तमाशा नको व्हायला."

मिर्सिनी आत्यावर खवळली. पुढचं भांडण मी सांगत नाही, त्यात दोन ताटल्या फुटल्या. एवांथिया मात्र त्या भांडणात नव्हती. तिचे हात गव्हात तसेच थांबले होते, आणि एक मोठी आठी माझ्या उरल्यासुरल्या बहिणींवर, म्हणजे कपाळाच्या टाक्यांवर, ताणून बसली होती. तिनं ठरवलं होतं. देवळात जायचं, आणि कुणाला काही दिसू द्यायचं नाही.

रविवारी मिर्सिनी कोलिवाचं ताट घेऊन पुढे गेली. एवांथियानं मागे राहून दार लावलं आणि टाक्यांच्या मागे सैल बांधलेला रुमाल सोडला. मळणीच्या वेळी जुन्या बायका भुसा नाकातोंडात जाऊ नये म्हणून बांधायच्या, तसा तिनं तो बांधला. कपाळावरून एक फेरा, नाकावरून एक फेरा, मागे गाठ. फक्त डोळे उघडे. रुमाल सरकला, तर तिनं गाठ सोडून आणखी आवळली.

ती गाठ बसली आणि माझ्या पट्टीतली वाट मिटली.

सुरुवातीला रक्त येत होतं, परत जात नव्हतं. मी फुगत चालले, ठणकायला लागले. ओरडायला मला तोंड कुठलं? मी ठणकून ठणकून तिला सांगत होते, अगं सोड, सोड. पण एक विचित्र गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. माझ्या नसा अजून कपाळाच्याच. मला नाकावर दुखलं तरी तिला वाटतं कपाळच दुखतंय. तिला वाटलं, गर्दी आहे, धूप आहे, रडू दाबून धरलंय, डोकं ठणकणारच. तिनं डोळे मिटले आणि उभी राहिली.

प्रार्थना संपता संपेना. पाद्री ग्रिगोरिस आवाजाचे भारी हौशी, प्रत्येक ओळ दोनदा आळवतात. एरवी मला ते आवडतं, त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते देवालाच ठाऊक. मी लालची जांभळी झाले. मग ठणका कमी व्हायला लागला, आणि त्याचीच मला खरी भीती वाटली. मी गार पडत होते. पुढे उभ्या मिर्सिनीनं मागे वळून बघितलं, तर रुमालावर ओला डाग.

"आई, तो सोड. आत्ताच्या आत्ता."

"गप्प बस. हात घेते नि मग घरीच जाते."

"डॉक्टर काय म्हणाल्या आठवतंय ना?"

"चष्मा नाही लावलेला," एवांथिया म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की तिनं सगळं पाळलंय.

ती दाराशी उभी राहिली. शेजारी गारुफालिया. लोक यायला लागले, हात हातात घेऊ लागले. आणि मग आला म्हातारा स्त्रातिस, पांदेलिसचा जन्माचा जोडीदार. दोघांनी मिळून पहिली होडी घेतली होती. त्याला आता धूसर दिसतं. तो एवांथियासमोर आला, त्या काळ्या गाठोड्याकडे क्षणभर बघितलं आणि पुढे सरकला. गारुफालियाचे हात हातात घेऊन म्हणाला, "देव त्याला क्षमा करो, पोरी. एवांथिया आली नाही वाटतं? तिला जमलं नाही का यायला?"

मागची रांग थांबली. एवांथियाचा हात तसाच पुढे केलेला, रिकामा. मला तिचं रक्त उसळलेलं कळलं, माझ्यापर्यंत ते पोचत नसलं तरी.

"मी इथे आहे, स्त्रातिस!" ती ओरडली. देवळात, मेणबत्त्यांपाशी, गळा फाटेल अशी. "मी आहे की इथे! मला ओलांडून कुठे चाललास?"

आणि तिनं गाठ ओरबाडून काढली. मिर्सिनीनं रुमाल धरून खेचला. मी उघडी पडले, सगळ्या गावासमोर, काळीनिळी, सुजलेली, शेंड्याला चार केस घेऊन. कुणीतरी "देवा रे" म्हणालं. एका बाईनं तोंड फिरवलं. लाजेनं मेले असते, पण तेव्हा मी खरोखरच मरत होते, लाजायला सवड नव्हती.

स्त्रातिस अगदी जवळ आला. त्याच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता. त्यानं मला निरखून बघितलं.

"नवीन केलंस?"

"नवीन करतायत," एवांथिया म्हणाली.

तेव्हा तो म्हातारा तिच्यावर तीनदा थुंकला. थू, थू, थू. कोरडंच हो! आमच्याकडे तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून थुंकतात तसं. "जगू दे," म्हणाला, आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

पण जगणं काय थुंकण्यावर अवलंबून असतं? मिर्सिनीनं मला फोनमध्ये टिपून अथेन्सला पाठवलं होतं. पलीकडून डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्यांदा बोलत होत्या की पाद्रीबुवांनाही ऐकू गेलं. "दवाखान्यात न्या आणि सुईनं टोचा! रक्त कुठल्या रंगाचं येतं ते मला सांगा. धावा!"

सगळ्यात पुढे कोण धावली असेल? गारुफालिया. जाता जाता स्वतःला शिव्या घालत होती. "माझ्या जिभेला आग लागो, वहिनी. दादा मला वर गेल्यावर उभी करणार नाही."

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं टोचलं. आलं ते रक्त काळं, घट्ट, काकवीसारखं. त्यानं पुसलं, वाट बघितली, पुन्हा टोचलं. पुन्हा काळं. गारुफालियानं एवांथियाचा पाय धरून ठेवला होता, हात धरायचं तिचं धाडस होत नव्हतं. त्यानं पुसलं, टोचलं, पुसलं, टोचलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, मी अर्धवट शुद्धीत होते. मग कुठूनतरी, भुवईपासून, ऊब आली. बारीकशी. आणि पुढच्या टोचण्याला थेंब आला तो लाल.

"लाल आहे," डॉक्टर फोनमध्ये म्हणाला.

सगळी काही मी वाचले नाही. नाकपुडीच्या काठाची एक चिंधी काळी पडली, वाळली आणि गळून गेली. तिथे आता एक खाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, नंतर बघू, आधी उरलेलं जगू दे. एवांथिया म्हणते, "राहू दे ती खाच, पांदेलिसचे कान तरी कुठे सारखे होते."

आज आम्ही पुन्हा अथेन्सच्या इस्पितळात आहोत. उद्या माझी पट्टी कापणार. जन्मभर ज्या कपाळाच्या रक्तावर जगले त्याच्याशी नातं तुटणार. आणि ज्या नाकाकडे मी ढुंकून बघितलं नाही त्यानं मला दोन थेंब दिले तर मी जगणार. देईल म्हणतात. मला त्याची माफी मागायची होती. पण त्यातलं जे भाजलं होतं ते गेलं, आता मागू कुणाकडे? मला भीती वाटते. बाजूच्या खाटेवर गारुफालिया घोरतेय, सोबतीला आलीय. एवांथिया जागी आहे आणि तिलाही भीती वाटते, मघाशी तिनं नर्सला तसं सांगितलं. नर्स म्हणाली, "बाहेर जाताना मास्क देऊ का?" तर नको म्हणाली. उघड्या तोंडानं बाहेर गेली आणि कॉफी घेऊन आली.

तुमची रजा घेते. उद्या जगले तर आमच्या गावात मी तुम्हाला दिसेन, खाचेची, चार केसांची, उन्हात टोपीखालची. बघा, खुशाल बघा, मान वळवू नका. आणि बघून झालं की तिला नावानं हाक मारा. "एवांथिया, कशी आहेस?" एवढंच विचारा. ती इथेच आहे.